आवाज येत होता

१६ मे

मा. मॅडम यांस,

स. न. वि. वि.

मॅडमच लिहितो. शनिवारी सकाळपासून तेच म्हणत होतो, जिभेला वळण पडलं आहे. पुढे ‘तुम्ही’ मात्र जमणार नाही, ते तुलाच जमतं.

शनिवारी दुकानात फोन आला, विमा कंपनीच्या कॉम्प्युटर खोलीतला एसी गेलाय, यंत्रं तापताहेत, भाड्याचं गारव्याचं यंत्र घेऊन लगेच या. कंपनीचं नाव ऐकलं आणि मला बरं वाटलं. ताईचं ऑफिस. धुतलेला शर्ट घातला. आई म्हणाली, “यंत्र ढकलायला निघालास की सोयरीक जुळवायला?”

तुमच्या लिफ्टमध्ये यंत्र मावेना. कपाटाएवढं ते, खाली चाकं आहेत, पण जिन्याला चाकांचा काय उपयोग? मी आणि तुमच्या वॉचमनने एकेक पायरी करत वर आणलं. वर पोचलो तेव्हा शर्टाची काय दशा झाली होती ते तू पाहिलंसच. तू दारात उभी होतीस. शेजारी दोघी-तिघी होत्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात तू म्हणालीस, “कूलरवाले आले वाटतं. या, इकडून या तुम्ही.”

मला वाटलं, थट्टा करतेस. मग तुझ्याकडे पाहिलं. थट्टा नव्हती.

तेव्हा मी मॅडम म्हणालो. मॅडम, खिडकीतून गरम हवेचा पाइप काढावा लागेल. मॅडम, खुर्ची सरकवू का? मॅडम, पाणी मिळेल का? पाणी तू दुसऱ्या बाईंना आणायला सांगितलंस.

घरी आल्यावर आईने विचारलं, ताई भेटली का? मी म्हटलं, रजेवर होती. एवढं खोटं तुझ्यासाठी.

आज तुमच्या साहेबांचा फोन आला होता. यंत्रातल्या पाण्याबद्दल काहीतरी विचारत होते. दिलं उत्तर. यंत्र परत आणायला दुसऱ्याला पाठवतो.

आपला,
कूलरवाला

२० मे

प्रिय टिल्लू,

तुझं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं ते बरं झालं. घरी आलं असतं तर यांनी विचारलं असतं, सख्खा भाऊ मॅडम का लिहितो? फोन करणार होते. दोनदा लावला आणि वाजायच्या आत ठेवला. लिहिणं त्या मानाने सोपं आहे.

तू समजतोस तसं नाही. आमच्याकडे बाहेरच्या कामाला नातेवाईक बोलावला की चर्चा होते. मी खोलीची प्रमुख, यंत्र माझ्या भावाचं, उद्या कोणी म्हणालं असतं, बाईंनी घरच्याला काम दिलं. तुझ्याच भल्यासाठी मी परकं दाखवलं. तू चटकन सावरून घेतलंस, तेव्हा मला वाटलं तुला कळलं आहे.

आता दुसरं. तुला साहेबांनी काय सांगितलं माहीत नाही. सोमवारी सकाळी वॉचमनने खोली उघडली तर आत भट्टी होती; आम्ही पोचायच्या आत त्याने मेन स्विच बंद केला होता. कॉम्प्युटरची सगळी यंत्रं त्याआधीच आपणहून बंद पडलेली. दोन कायमची गेली. तीन दिवस लोकांना दाव्यांचे कागद मिळाले नाहीत, खाली रांग लागली होती. तुझं यंत्र हवेतलं पाणी ओढतं, ते खालच्या टाकीत साठतं आणि टाकी ओतली नाही तर गारवा थांबतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. टाकी काठोकाठ भरली होती.

शनिवार-रविवार लक्ष ठेवायला, यंत्र बंद पडलं तर फोन करायला आमच्या मजल्यावरच्या मावशीला सांगितलं होतं. झाडलोट तिची, चाव्याही तिच्याकडे. माझ्या आधीपासून इथे आहे. तिने एकदाही टाकी ओतली नाही. विचारलं तर म्हणते, मला कोणी सांगितलंच नाही. साहेबांनी तुला फोन केला आणि तू म्हणालास, सांगितलं होतं. मग त्यांनी मला विचारलं. मीही म्हटलं, हो, माझ्यासमोरच समजावलं.

माझ्यासमोर तू काही समजावलं नव्हतंस हे तुलाही माहीत आहे. पण नाहीतर सगळं तुझ्या माथी आलं असतं. शनिवारचं जे काही मनात धरलं असशील, त्यात हेही धर.

मावशी खोटं बोलायला लागली की अगदी धडधडीत बोलते. म्हणे शनिवारी संध्याकाळी आले, रविवारी दोनदा आले, दाराला कान लावला, यंत्र चालू होतं, आवाज येत होता. साहेब म्हणाले, “आत सगळं भाजून निघालं आणि आवाज येत होता? गाणं म्हणत होतं का?” सगळे हसले. तिला सध्या घरी बसायला सांगितलं आहे.

आईला सांग, पुढच्या महिन्यात येते.

तुझी,
ताई

२३ मे

ती. ताईस,

सा. न.

एकच विचारायचं आहे. मावशी नक्की काय म्हणाली? आवाज येत होता, असंच म्हणाली ना? की घरघर म्हणाली, थडथड म्हणाली? आणि पंख्यासारखा वारा दाराखालून येत होता असं काही म्हणाली का?

सहज विचारतो. यंत्र माझं आहे, त्याला काय झालं ते कळलेलं बरं.

मावशीला एवढ्यात काढू नका. बाई वाईट वाटली नाही. मला पाणी तिनेच आणून दिलं होतं.

आईचे गुडघे दुखतात, बाकी ठीक.

टिल्लू

२८ मे

प्रिय टिल्लू,

तुझ्या चिठ्ठीने मला अस्वस्थ केलं आहे. सहज विचारणारा माणूस घरघर आणि थडथड वेगवेगळं विचारत नाही.

तरी सांगते. ती म्हणाली, “पंखा फिरतो तसा आवाज येत होता, आणि दाराखालून पायाला वारा लागत होता.” तू विचारण्याआधीच हे तिने सांगितलं होतं. मी तुला लिहिलं नव्हतं. मग तुला वाऱ्याचं कसं सुचलं?

काल मावशीची सून खाली येऊन उभी होती. वॉचमनने वर सोडलं नाही. मी जिन्यावरून तिला पाहिलं आणि मागच्या जिन्याने गेले.

मागच्या पत्रात मी नातेवाइकांच्या चर्चेचं लिहिलं. ते खरं असू शकलं असतं, पण तेव्हा माझ्या डोक्यात ते नव्हतं. ते मी नंतर शोधलं. तू जिन्यावरून वर येत होतास, धापा टाकत, यंत्राला मिठी मारल्यासारखा, शर्ट पाठीला चिकटलेला. माझ्या शेजारची हळूच म्हणाली, “बाई, हा यंत्राला गार करणार की यंत्र याला?” आणि मी हसले. आधी हसले आणि मग पाहिलं की तो तू आहेस. हसून झाल्यावर भाऊ म्हणून तुझं नाव कसं घेणार? एकदा परकं म्हटलं की दर वाक्याला तेच पुढे ओढावं लागलं. तुला लवकर घालवून द्यायची मला घाई झाली होती. कधी तू ताई म्हणशील आणि कधी सगळं फुटेल.

तू हसणं ऐकलंस का? नसशील तर मी उगाच सांगितलं.

चौकशीची बैठक तेरा तारखेला आहे. तू मला काय सांगत नाहीस ते सांग.

ताई

१ जून

ती. ताईस,

सा. न.

हसणं ऐकलं होतं. जिन्यात आवाज घुमतो.

मावशी खरं बोलते आहे.

टाकी भरली की यंत्रातला तरंगता गोळा वर येतो आणि गारवा करणारा भाग बंद करतो. पंखा बंद होत नाही. तो फिरतच राहतो, गरम हवा गरम खोलीत. बाहेरून कान लावला तर यंत्र चालू आहे असंच वाटतं. दाराखालून वाराही येतो. तिला सांगितलं होतं, यंत्र बंद पडलं तर फोन कर. यंत्र बंद पडलंच नव्हतं. सांगितलं तेवढं तिने नीट केलं.

तिला कोणी काही समजावलं नव्हतं. मी नाही आणि दुसऱ्याही कोणी नाही.

मी कुठेही यंत्र लावलं की तिथल्या माणसाला खाली वाकायला लावतो. झाकण उघडायला लावतो, टाकी ओढायला लावतो, मोरीत ओतायला लावतो. तोंडी सांगितलेलं लोक विसरतात, हाताने केलेलं विसरत नाहीत. हे केल्याशिवाय मी कुठून निघत नाही. त्या दिवशी तू म्हणालीस, “झालं ना? मग निघा तुम्ही, पुढचं आमची माणसं बघतील.” मावशी दाराशीच उभी होती, पदराला हात पुसत. मी तिच्याकडे पाहिलं. मनात म्हटलं, बघू देत तुमची माणसं. आणि जिना उतरलो.

इथपर्यंत लिहून थांबलो होतो. राग आला, विसरलो, असं लिहून पत्र बंद करणार होतो. पण मी विसरलो नव्हतो. हवा दमट होती, टाकी संध्याकाळपर्यंत भरणार हे मला माहीत होतं. गाडीत बसून मी विचार केला, खोली तापेल, तिथे धावपळ होईल, आणि मग ताई मला फोन करेल. मॅडम बनून करता येणार नाही असा फोन. घाबरून म्हणेल, टिल्लू, काय करू रे? आणि मी सांगेन, अगं, टाकी ओत.

मी रविवारी जेवतानाही फोन शेजारी ठेवून बसलो होतो. आई म्हणाली, “कोणाची वाट बघतोयस?” रविवारी तुम्हाला सुट्टी असते, खोलीत कोणी नसतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. सोमवारी फोन आला तो साहेबांचा. ते म्हणाले, बाईंना समजावलं होतंत ना? मी हो म्हटलं. ‘नाही’ म्हटलं असतं तर ‘का नाही’ आलं असतं.

मावशी कुठे माझ्या हिशेबात होती? मी तुझ्यावर रुसलो होतो, आणि रुसवा तिच्यावर जाऊन पडला.

आता तू ठरव. तेरा तारखेच्या आत.

टिल्लू

१९ जून

प्रिय टिल्लू,

तुझं पत्र सहा तारखेला मिळालं. तेरा दिवसांनी उत्तर लिहिते आहे, त्यावरून तुला कळलंच असेल.

मावशीला काढलं.

बैठकीत तुझं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. पर्स मांडीवर होती. मावशी समोर उभी होती. तिला बस म्हणायचं कोणालाच सुचलं नाही, मलाही नाही. साहेबांनी तिला विचारलं, “अजून तेच म्हणणं आहे का?” ती म्हणाली, “आवाज येत होता, साहेब. नव्हता म्हणू का? म्हणते हवं तर.” पुन्हा कोणीतरी हसलं. मग साहेब माझ्याकडे वळले, “तुमच्यासमोर समजावलं होतं, बरोबर?” मी मान हलवली. नुसती मान. तोंडाने खोटं बोलले नाही, असं घरी येताना स्वतःला सांगत होते. काय पण हिशेब!

खरं सांगायचं तर विचारलं असतं, तुम्हाला कसं कळलं? मेकॅनिकने पत्र लिहिलं म्हटलं, तर मेकॅनिक तुम्हाला पत्र का लिहितो? तिथून पुढे भाऊ, मग जिना, मग हसणं. एक दोरा ओढला की सगळं उसवतं. मावशी जिन्याकडे गेली तेव्हा मी फोन कानाला लावला होता. पलीकडे कोणी नव्हतं.

एक मार्ग सुचतो. तू तुझ्या दुकानातर्फे साहेबांना लिही, की बाईंना समजावायचं राहून गेलं होतं, चूक आमची. एवढंच. माझं नाव नको, नातं नको. मला वाटलं समजावलं, असं मी म्हणेन. मावशी परत येईल आणि कोणाचंच फार बिघडणार नाही.

लवकर लिही. मला मजल्यावर नीट चालता येत नाही. नवीन आलेली बाई मला वाकून नमस्कार करते.

ताई

२२ जून

ती. ताईस,

सा. न.

तू सांगितलंस तसं लिहायला बसलो. ‘बाईंना समजावायचं राहून गेलं’ इथपर्यंत आलो. मग पुढचं दिसायला लागलं. साहेब म्हणतील, मॅडम तर म्हणाल्या त्यांच्यासमोर समजावलं. तू म्हणशील, मला तसं वाटलं. मी म्हणेन, हो, वाटलं असेल. म्हणजे पुन्हा आपण दोघं मिळून. पहिल्यांदा निदान एकमेकांना न विचारता केलं होतं. कागद फाडला.

साहेबांकडे मी भेटीची वेळ मागितली आहे. त्यांनी तीस तारीख दिली. यंत्राबद्दल बोलायचं आहे, एवढंच सांगितलं. माझं मी सगळं सांगणार, गाडीत बसून जे मनात आणलं तेही. दुकानाचं नाव जाईल, जाऊ दे. लोक म्हणतील, याचं यंत्र गार आणि डोकं गरम.

तुझं मी सांगणार नाही. का रुसला होतात असं त्यांनी विचारलं तर मी गप्प बसेन. ते तुझं आहे. तू त्या खोलीत असशील तर मला ओळखू नकोस हवं तर. मला आता सवय झाली आहे.

आईला काल सांगितलं. म्हणजे सांगावं लागलं, तू रजेवर नव्हतीस इथपासून. ती बराच वेळ कपड्यांच्या घड्या घालत राहिली. मी म्हटलं, “आई, चूक जास्त कोणाची?” म्हणाली, “मला काय विचारतोस? दोघंही माझीच.” आणि घातलेली घडी मोडून पुन्हा घालायला लागली.

टिल्लू

५ जुलै

प्रिय टिल्लू,

तू त्या दिवशी जेवायलाही न थांबता गेलास. मी खाली आले तेव्हा गाडी फाटकाबाहेर पडत होती. म्हणून पुढचं लिहून कळवते.

आधी एक सांगते, म्हणजे तू माझ्याबद्दल भलतं समजणार नाहीस. तू बोलत होतास तेव्हा मी गप्प राहायचं ठरवलं होतं. अगदी तुला परक्यासारखं ‘हे कधी कळलं तुम्हाला?’ असं विचारायचीसुद्धा तयारी केली होती. साहेब तुला म्हणाले, “तुम्ही लोक असेच, काम धड करायचं नाही आणि वर रुसायचं.” त्यावर तू मान खाली घातलीस. तेवढं मला बघवलं नाही. मी उठले ते रागाने, धीर आला म्हणून नव्हे. तो माझा धाकटा भाऊ आहे, हे इतक्या मोठ्याने बोलले की बाहेर टायपिंग थांबलं. बाकीचं तुझ्यासमोरच झालं. साहेबांनी विचारलं, “मग पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?” माझ्याकडून खोली काढून घेतली आहे. माझी वेगळी चौकशी होईल. ते ठीक आहे.

दुसऱ्या दिवशी मी मावशीच्या घरी गेले. एक खोली आणि पुढे पत्र्याची पडवी. ती पडवीत कोणाच्या तरी पडद्यांना काठ शिवत होती. मला पाहून उठली नाही. सुनेने स्टूल आणून ठेवलं. मी सगळं सांगितलं, तुझं आणि माझं. ती मशीन चालवत ऐकत होती. मी म्हटलं, साहेबांनी परत बोलावलं आहे, सोमवारपासून या.

“येईन की,” ती म्हणाली. “काम आहे, न येऊन सांगते कोणाला? पण बाई, मी खोटी ठरले ती सगळ्या बायांपुढे. आणि खरी ठरले ती साहेबांच्या केबिनमध्ये. तिथे तर मी नव्हतेच.”

मी म्हटलं, मी सगळ्यांना सांगेन.

“कधी?”

मला वाटलं होतं, ती म्हणेल, राहू द्या आता. लोक म्हणतात तसं. मी सोमवार म्हटलं. ती दोरा तोडत म्हणाली, “जेवायच्या सुट्टीत सांगा. तेव्हा सगळ्या असतात.”

काल सोमवार होता. आमच्याकडे जिन्याखालच्या खोलीत साफसफाईच्या बाया, टायपिस्ट, फोनवरच्या मुली जेवतात. माझ्या हुद्द्याची माणसं तिथे जात नाहीत. मीही इतक्या वर्षांत एकदा गेले होते, पंखा बिघडला म्हणून. मी दारात उभी राहिले. कोणी बस म्हटलं नाही. मी म्हटलं, मावशी खरं बोलत होत्या. गारवा थांबला तरी पंखा फिरत राहतो, त्याचाच आवाज येत होता. त्यांना कोणीही काहीही समजावलं नव्हतं. माझ्यासमोर समजावलं असं मी म्हणाले ते खोटं होतं आणि ते खोटं आहे हे मला तेव्हाच माहीत होतं. तो यंत्रवाला माझा सख्खा भाऊ आहे. त्याला ओळख दाखवायची मला लाज वाटली, तिथून हे सुरू झालं.

हे मी आदल्या दिवशी पाठ केलं होतं. पाठ केल्यासारखंच वाटलं असणार. मला भीती होती की कोणी काही बोलेल. कोणी जेवायचंही थांबलं नाही. एकीने दुसरीकडे मीठ मागितलं. जिने जिन्यात तुझी थट्टा केली होती ती भिंतीकडे तोंड करून जेवत होती. मावशी कोपऱ्यात बसली होती, सगळ्यांत शेवटी तिचा डबा संपला.

मला कळेना, जावं की थांबावं. मग तिनेच विचारलं, “धाकटा ना तो?”

मी म्हटलं, हो.

“मग त्याला आधी का बोलायला लावलंत?” ती म्हणाली आणि डब्याला झाकण लावून हात धुवायला उठली.

तुझी,
ताई